टेळे मॅडमचं राहून गेलेलं भाषण

प्रतिभा टेळे आमच्या शिरूरच्या कॉलेजात २००४ च्या जूनमध्ये प्राणिशास्त्र शिकवायला आली. तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास तेवढीच नोकरी. स्टाफरूममध्ये तिला कपाट नव्हतं आणि खुर्ची मिळायची ती कुणी रजेवर असलं तर. त्यामुळं ती दिवसभर प्रयोगशाळेतच, बेसिनजवळच्या स्टुलावर बसलेली असायची. मी वरच्या मजल्यावर मराठी शिकवायचो. आमची ओळख झाली ती वासामुळं. एका दुपारी माझ्या वर्गातल्या मुली नाकाला ओढणी लावून बसल्या, आणि खिडकीतून येणारा तो वास कशाचा आहे ते बघायला मी तणतणत खाली उतरलो.

टेबलावर प्लॅस्टिकच्या लहान पिशव्यांची रांग होती. प्रत्येकीत मेंढीच्या लेंड्या, प्रत्येकीवर स्केचपेनानं आकडा. एक बारीक, उन्हानं रापलेली मुलगी खलबत्त्यात मिठाचं पाणी घालून काहीतरी कुटत होती.

"सर, रागवायच्या आधी एकदा डोळा लावा," ती म्हणाली आणि सूक्ष्मदर्शकापासून बाजूला झाली.

मी डोळा लावला. पिवळसर पाण्यात लांबट, पारदर्शक अशी बारीक अंडी तरंगत होती. एकेका अंड्यात दाणे दाटीवाटीनं बसलेले. ती म्हणाली, ही जंताची अंडी. हा जंत मेंढीच्या पोटात राहून रक्त पितो. मेंढी खाते, चालते, आणि आतून पांढरी पडत जाते. एका मेंढीत असे हजार-हजार जंत असतात. तिनं हे इतक्या सरळपणे सांगितलं, की मी तक्रार करायची विसरून गेलो.

पुढं कळलं, ती यवतजवळच्या कासुर्डीची. तिच्या वडलांचा, आण्णांचा, मेंढ्यांचा कळप होता. सात-आठ महिने रानोमाळ, उरलेले घरी. प्रतिभा चौथीत गेली तेव्हा मास्तरांनी आण्णांना सांगितलं की पोरगी हुशार आहे, पण वर्षात तीन शाळा बदलून कुणी शिकत नाही. आण्णांनी दोन दिवस विचार केला आणि मेंढ्या विकल्या. कालव्याच्या पाण्यावर शेवंती लावली, पुढं भाजीपाला. तेव्हापासून ते एका जागी आहेत. त्यांना वाटलं होतं पोरगी मास्तरीण होईल, जमलं तर बँकेत लागेल. ती एम.एस्सी. झाली, पीएच.डी.ला नाव घातलं आणि विषय निवडला मेंढ्यांच्या पोटातले जंत. आण्णा येईल त्या पाहुण्याला सांगायचे, "जिच्यासाठी मेंढ्या इकल्या, ती आता दुसऱ्याच्या मेंढ्यांमागं लेंड्या येचीत हिंडती."

बोलण्यात राग कमी आणि बुचकळ्यात पडणं जास्त असायचं. पण प्रतिभाला ते लागायचं.

तिचा भाऊ दत्ता रांजणगावच्या एका कारखान्यात होता आणि कारेगावात पत्र्याच्या खोल्यांच्या चाळीत बायकोबरोबर राहायचा. प्रतिभा त्यांच्याकडं राहून शिरूरला ये-जा करायची. शेजारी सगळे बिहारकडचे कामगार. ते तिला "दीदी, डॉक्टर बनोगी तो सुई लगाओगी?" असं विचारायचे. आपण कसल्या डॉक्टर होणार हे सांगण्याचा नाद तिनं सोडून दिला होता. रविवारी ती न्हावऱ्याच्या बाजूला, नाहीतर चौफुल्याकडं, जिथं मेंढपाळांचा तळ असेल तिथं जायची. त्यात मुख्य कळप तिच्या मामाचा, भिमामामाचा. भिमा म्हणजे साठीला आलेला उंच माणूस, अक्षरओळख नाही, पण दोनशे मेंढ्यांतली प्रत्येक मेंढी कुणाच्या पोटची हे सांगायचा. मेंढीची पापणी खाली ओढून तो बघायचा. लाल असेल तर ठीक, पांढरट असेल तर औषध.

आणि तिथंच प्रतिभाचं संशोधन अडलं, किंवा खरं तर तिथंच ते सुरू झालं. २००५ आणि २००६ अशी दोन वर्षं तिनं नऊ कळपांतल्या मेंढ्यांच्या लेंड्या औषध देण्याआधी आणि दिल्यावर दोन आठवड्यांनी तपासल्या. औषधानं अंडी जवळपास संपायला हवी होती. सहा कळपांत ती निम्मीसुद्धा कमी झाली नव्हती. कारण तिच्या हिशेबी साधं होतं. सगळे मेंढपाळ वर्षानुवर्षं एकच औषध देत होते आणि तेही डोळ्याच्या अंदाजानं, लहान-मोठ्या सगळ्यांना एकच झाकण. अर्धवट डोसात कमजोर जंत मरत आणि चिवट जगत. आता उरले होते ते चिवटच. उपायही साधा होता. औषध बदला, आणि मेंढी ताणकाट्याला लटकवून, वजन बघून द्या.

हे तिनं भिमामामाला सांगितलं. एकदा नव्हे, वर्षभर सांगितलं. मामा हसायचा. औषध सरकारी दवाखान्यातून येतं, ते खोटं आणि माझ्या मांडीवर वाढलेली पोर खरी, असं कसं होईल? बाकीचे मेंढपाळ तर तिच्याकडं बघायचेही नाहीत, मामाकडं बघून बोलायचे. ती एकदा मला म्हणाली, "सर, हेच मी माईकवरून सांगितलं ना, मोठ्या लोकांसमोर, तर ऐकतील. माणूस तोच असतो, पण माईकवरचं खरं वाटतं."

तशी संधी आलीही.

२००७ च्या जानेवारीत आमच्या प्राचार्यांनी, आनंदराव हरगुड्यांनी, बैठक बोलावली. मूल्यांकन समिती येणार होती आणि संशोधन या सदराखाली कॉलेजची फाईल रिकामी होती. त्यांनी कुठंतरी वाचलं होतं की मोठ्या विद्यापीठांत नव्या संशोधकांचा गौरव करतात, त्यांना बोलायला लावतात, एकमेकांशी ओळखी करून देतात. आपण का करू नये? शिरूर आणि दौंड दोन्ही तालुक्यांतले सहा तरुण संशोधक बोलवायचे, प्रत्येकाला पंधरा मिनिटं, नंतर परिचय-चहापान. नाव ठरलं, तरुण संशोधक गौरव सोहळा. तारीख विज्ञान दिनाची, अठ्ठावीस फेब्रुवारी. सूत्रसंचालन माझ्याकडं आलं, कारण कॉलेजातलं प्रत्येक सूत्रसंचालन माझ्याकडंच यायचं.

कल्पना चांगली होती, हे मी आजही म्हणेन.

प्रतिभा महिनाभर तयारी करत होती. भाषण मराठीतून करायची परवानगी तिनं मागून घेतली. दोन्ही तालुक्यांचे पशुधन अधिकारी येणार आहेत याची खात्री करून घेतली. रिकाम्या वर्गात माझ्यासमोर ती दोनदा बोलली आणि मी घड्याळ लावलं. पहिल्यांदा बावीस मिनिटं झाली. तिनं एक तक्ता काढून टाकला, दोन वाक्यं जोडली, आणि दुसऱ्यांदा बरोबर चौदा मिनिटांत बसवलं. मला जंतातलं काही कळत नाही, पण ते भाषण मला कळलं होतं. आणि तिनं भिमामामाला यायला लावलं. एकट्याला नाही. मामानं आणखी चार कळपवाले तयार केले. दिवसभर मेंढ्या बायकांवर सोपवून पाच मेंढपाळ एसटीनं शिरूरला येणं ही लहान गोष्ट नव्हती.

कार्यक्रम दहाचा होता. ते पाचजण साडेनवाला हजर. धुतलेली पागोटी, घोंगडी घडी करून खांद्यावर. शेवटच्या रांगेत बसले. शिपाई त्यांना उठवायला गेला तेव्हा प्रतिभानं मधे पडून सांगितलं की हे माझे पाहुणे आहेत.

प्रमुख पाहुणे बारा चाळीसला आले. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक. मंचावर अकराजण होते, त्या अकरांचा परिचय मी करून दिला आणि अकरांचे सत्कार झाले. मग सहा संशोधकांचा गौरव, प्रत्येकाला शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह आणि फोटोसाठी थांबणं. फोटोग्राफर नारळ थोडा वर धरायला सांगायचा. मग प्रमुख पाहुण्यांचं भाषण, पन्नास मिनिटं. त्यात त्यांनी सांगितलं की आमच्या एका धनगर भगिनीनं मेंढीच्या लोकरीवर मोठं संशोधन केलं आहे आणि हा तालुक्याचा अभिमान आहे. मी प्रतिभाकडं पाहिलं. ती मांडीवरचे कागद सरळ करत होती.

तीन वाजता पाहुणे निघाले. त्यांना सोडायला अर्धा मंच उठला. दोन्ही पशुधन अधिकारी त्यातच गेले, परत आले नाहीत. मुलं सकाळपासून उपाशी होती. प्राचार्यांनी मला खुणेनं बोलावलं आणि सांगितलं की आता संशोधकांना तीन-तीन मिनिटं द्या, चार वाजता हॉल मोकळा करायचाय. पहिल्या तिघांनी पटापट आटोपलं. त्यांना त्यात फारसं काही वाटलेलं दिसलं नाही.

चौथी प्रतिभा. तिनं माईक खाली घेतला आणि शेवटच्या रांगेकडं बघून सुरुवात केली, "आपण मेंढीला औषध देतो, तरी मेंढी मरते. का मरते, ते मी सांगणार आहे." बडबडणारी मुलं जराशी गप्प झाली. मागचे पाचजण पुढं वाकले. तिनं पहिलं चित्र दाखवलं, जबड्याखाली सूज आलेल्या मेंढीचं. मग नऊ कळप कुठले, कसे तपासले ते सांगायला घेतलं. एवढ्यात प्राचार्यांनी माझ्या कानात सांगितलं, चिठ्ठी द्या.

मी चिठ्ठी लिहिली. 'दोन मिनिटांत आटपा.' आणि तिच्यासमोर नेऊन ठेवली.

तिनं ती वाचली. माईकवरच म्हणाली, "माझं अजून सुरूच झालेलं नाही." मुलं हसली. त्यांना तो विनोद वाटला. तिनं घाईनं तक्ता लावायला घेतला, तो उलटा लागला, पुन्हा हसू आलं. तक्ता नीट करेपर्यंत प्राचार्य उभे राहिले आणि प्रसन्न चेहऱ्यानं टाळ्या वाजवायला लागले. ते वाजवतायत म्हणून सगळ्या हॉलनं वाजवल्या. त्या टाळ्या थांबेनात. ती कागद गोळा करून खाली आली. औषध बदला आणि वजन करून द्या, ही दोन वाक्यं तिच्या तोंडून बाहेर पडली नव्हती.

परिचय-चहापान व्हरांड्यात होतं. सगळ्यांच्या छातीवर नावाचे बिल्ले. संगणकाचे रविराज सर एक वही घेऊन फिरत होते, त्यात प्रत्येकानं नाव, विषय, फोन नंबर लिहायचा. बाकीचे पाच संशोधक एकत्र उभे होते आणि कायमच्या जागा कधी भरणार याबद्दल बोलत होते. प्रतिभा कपबशी हातात घेऊन पशुधन अधिकाऱ्यांना शोधत होती. ते गेले हे मी तिला सांगितलं. तिनं कपबशी खिडकीत ठेवली आणि ती फाटकाकडं धावली. मी मागं गेलो. का गेलो, सांगता येत नाही. काहीतरी बोलायला हवं असं वाटत होतं.

पाचही मेंढपाळ फाटकाशी एसटीची वाट बघत उभे होते. भिमामामानं तिच्या खांद्यावरची शाल बोटांत धरून पाहिली.

"चांगली हाय," तो म्हणाला. "आपली लोकर न्हाई, पर चांगली हाय."

"मामा, माझं सांगायचं राहिलं. तुम्ही इथंच बसा सगळे. मी सांगते, लगेच होईल."

भिमामामा तिच्याकडं न बघता बोलला. "तू सांगतीस ते मी वर्षभर ऐकतूय. ह्यांना म्हनलं, कालिजात मोठ्या मान्सांम्होरं सांगणार हाय, म्हंजी खरं आसंल, चला. आन् त्यांनी तुला खाली बसिवली. खरं आसतं तर बोलू दिलं आसतं. आता मी ह्यांना काय सांगू?"

बाकीचे चौघे रस्त्याकडं बघत होते. एसटी आली आणि ते चढले.  प्रतिभानं माझ्याकडं वळून विचारलं, "चिठ्ठी तुम्ही लिहिलीत का त्यांनी?"

"त्यांनी सांगितली. लिहिली मी."

"अक्षर चांगलं आहे तुमचं," ती म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या, त्यात तिचं नाव प्रतिमा टेळे असं छापलं होतं. फाईलसाठी मात्र सोहळा उत्तम झाला. शूटिंगची सीडी आली, तीत प्रमुख पाहुण्यांचं भाषण सगळं होतं आणि प्रतिभा शाल घेताना दिसत होती. ती बोलतानाचा भाग नव्हता. त्या वेळी कॅमेरावाला जेवायला गेला होता.

रविराज सर चांगला माणूस. त्यांना मनापासून वाटत होतं की या लोकांच्या ओळखी टिकाव्यात. त्या वेळी मुलांमध्ये ऑर्कुट या वेबसाइटचं वेड होतं. त्यांनी वहीतली नावं घेऊन तिथं दोन्ही तालुक्यांतल्या तरुण संशोधकांची कम्युनिटी काढली. दोन महिन्यांत दीडशे सभासद झाले, त्यात संशोधक किती कोण जाणे. प्रतिभानं आशेनं तिथं लिहिलं. कारेगावातल्या इंटरनेट कॅफेत बसून, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत, तिनं आपलं सगळं भाषण चार तुकड्यांत टाकलं. नऊ कळप, अंडी, डोस, सगळं. शेवटी विचारलं, असा अनुभव आणखी कुणाला आहे का?

पहिलं उत्तर आलं, अभिनंदन मॅडम. दुसरं, शालीतला फोटो छान आलाय. मग शुभ सकाळ, मग गुलाबाचं चित्र. अठ्ठावीस उत्तरं आली आणि त्यांतलं एकही जंताबद्दल नव्हतं. ती मला हे सांगायची तेव्हा मी हसायचो. ती हसायची नाही. एकदा तिनं मला झापलंच. "तुम्हाला गंमत वाटते सर. मला कुणी शिव्या घातल्या असत्या, चूक काढली असती, तरी चाललं असतं. हे सगळे नुसतं कौतुक करतात. कौतुक करून माणसाचं तोंड बंद करता येतं, हे मला माहीतच नव्हतं."

एकोणतिसावं उत्तर मे महिन्यात आलं. एका दूरच्या पशुवैद्यक कॉलेजात शिकणाऱ्या, तिनं कधी न पाहिलेल्या मुलीचं, मोनिका नावाच्या. तिनं अभिनंदन केलं नाही. तुम्ही डोस चुकला म्हणताय, पण औषधच निकामी झालं नाही कशावरून, दोन्ही वेगळे कसे केले, असा सरळ प्रश्न टाकला. प्रतिभा तो कागदावर उतरवून घेऊन आली होती आणि मला तीनदा वाचून दाखवला. त्या दोघी महिनाभर एकमेकींना लिहीत होत्या. एकाच कळपातल्या काही मेंढ्यांना जुनं औषध वजनावर, काहींना नवं औषध वजनावर, आणि काहींना नेहमीसारखं द्यायचं, असं ठरलं.

पण कळप कुणाचा?

जूनच्या सुरुवातीला पावसाआधीचं औषध देतात. प्रतिभा भिमामामाकडं गेली, फक्त तीस मेंढ्या मागितल्या. मामा नाही म्हणाला. फेब्रुवारीतल्या त्या चौघांनीही नेहमीचं औषध नेहमीच्या झाकणानं देऊन टाकलं होतं. एकानं तिला तोंडावर सांगितलं, "तुमच्या कालिजातच तुमचं कोण ऐकंना, ताई." ती रात्री कारेगावला परत येऊन जेवली नाही, असं दत्तानं मला नंतर सांगितलं.

ऑगस्टमध्ये मेंढ्या मरायला लागल्या. त्या वर्षी गवत लवकर वर आलं होतं, ओल टिकून होती, आणि जंताला तेच लागतं. भिमाच्या कळपातल्या दहा दिवसांत एकोणीस गेल्या. त्यातल्या चौदा गाभण होत्या. निरोप आल्यावर प्रतिभानं मला बरोबर घेतलं, कारण तिला लेंड्यांच्या पिशव्या धरायला आणि आकडे लिहायला माणूस हवा होता. भांडगावच्या शिवारात तळ होता. भिमामामा एका मेलेल्या मेंढीजवळ उकिडवा बसला होता. प्रतिभानं पोट उघडलं. आत बारीक दोऱ्यांसारखे लाल-पांढरे जंत वळवळत होते, ओंजळभर. तिनं ते मामाला दाखवले. आठ दिवसांपूर्वीच दुसऱ्यांदा औषध दिलेली मेंढी होती ती.

मला वाटलं ती म्हणेल, मी सांगितलं होतं. तिनं तसं म्हटलं नाही. मामाच म्हणाला, "ही तवा दावायचं हुतं."

"तेव्हा दाखवायलाच निघाले होते," ती म्हणाली. आवाज चढला. "चौदा मिनिटं पाहिजे होती मला. चौदा. मी महिनाभर पाठ केलं होतं." मग ती उठून बांधाकडं गेली आणि पाठमोरी उभी राहिली. मी मेंढीकडं बघत राहिलो. माझ्या हातात पिशव्या होत्या, आणि मला भिमामामाकडं बघवत नव्हतं.

त्याच दिवशी मामानं तिला कळप दिला. तीस नाही, सगळा. तिनं ठरल्याप्रमाणे तीन भाग पाडले. ताणकाटा आण्णांनी कासुर्डीहून आणला, भाजीच्या गोण्या मोजायचा. लेकीच्या कामाला त्यांनी हात लावलेला मी तेव्हाच पाहिला. ते मेंढीच्या पोटाखाली पट्टा घालायचे आणि वजन मोठ्यानं सांगायचे. त्यांच्या हाताची जुनी सवय मोडली नव्हती. मेंढी त्यांच्याकडं आली की निमूट राहायची. नव्या औषधाच्या मेंढ्या तरल्या. जुनं औषध वजनावर दिलेल्यांपैकी बऱ्याच तरल्या, सगळ्या नाहीत. नेहमीसारखं झाकणानं दिलेल्यांतल्या सगळ्यात जास्त गेल्या. म्हणजे मोनिकाचा प्रश्न बरोबर होता, प्रतिभाचंही अर्धं बरोबर होतं. तिनं प्रबंधाचं एक प्रकरण पुन्हा लिहिलं आणि डिसेंबरात ती डॉक्टर झाली.

२००८ च्या फेब्रुवारीत दुसरा सोहळा ठरला. आता तिच्या नावापुढं डॉक्टर होतं, त्यामुळं फ्लेक्सवर तिचा फोटो सर्वांत मोठा होता, तोच शालीतला. तिनं प्राचार्यांना लेखी दिलं की सत्कार नको, फक्त भाषण द्या आणि ते सुरुवातीला द्या. प्राचार्यांनी तिला बोलावून समजावलं की कार्यक्रमाचा एक क्रम असतो, पाहुण्यांच्या आधी बोलणं बरं दिसत नाही. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की आपण तिला मोठं करतोय आणि ही उगाच आडमुठेपणा करतेय.

ती आली, कारण न येऊन चालणार नव्हतं. जूनमधली नेमणूक त्यांच्याच हातात होती. पाहुणे उशिरा येणार हे मला ठाऊक होतं. सव्वादहाला मी माईक घेतला, पाहुणे येईपर्यंत डॉक्टर टेळे बोलतील असं जाहीर केलं आणि प्राचार्यांकडं बघितलंच नाही. ती चकित झाली, पण उठली. सोळा मिनिटं बोलली. सगळं सांगितलं, औषध, वजन, मेलेल्या मेंढ्या, सगळं. हॉलमध्ये दोनशे मुलं होती. पशुधन अधिकारी पाहुण्यांबरोबर येणार होते. मेंढपाळ नव्हते. भिमामामाला तिनं बोलावलं होतं, त्यानं निरोप पाठवला होता की एकदा आलो, पुरे झालं. शेवटी प्रश्न विचारा म्हटल्यावर एक मुलगी उभी राहिली आणि तिनं विचारलं, "मॅडम, हे परीक्षेला आहे का?"

"नाही," प्रतिभा म्हणाली आणि खाली बसली.

पुढच्या वर्षीपासून सूत्रसंचालन माझ्याकडून काढून घेतलं. त्याचं मला दुःख नाही. प्रतिभाचं मात्र झालं असं, की २००९ च्या जूनमध्ये तिला नेमणूक मिळाली नाही. तास कमी भरतात असं कारण सांगितलं. असेलही. तिनं भांडायचा प्रयत्न केला, दोन अर्ज दिले, त्यांना उत्तर आलं नाही. शेवटी सोलापूरकडच्या एका संस्थेत तीन वर्षांच्या प्रकल्पावर ती गेली. जायच्या दिवशी प्रयोगशाळेतली तिची काचपट्ट्यांची खोकी दत्तानं आणि मी टेम्पोत ठेवली. कुणी निरोप समारंभ केला नाही. त्याबद्दल माझ्या वतीनं कॉलेजचे आभार माना, असं तिनं मला हसून सांगितलं. ते हसू काही चांगलं नव्हतं. मी तिला म्हटलं, मॅडम, राग धरू नका. ती म्हणाली, "धरणार. तेवढा एक माझ्या हातात आहे."

ती गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात मी न्हावऱ्याच्या फाट्यावर एसटीची वाट बघत उभा होतो. शेजारच्या मोकळ्या रानात मेंढ्या बसवल्या होत्या आणि बाभळीच्या फांदीला ताणकाटा लटकत होता. एक तरुण मेंढपाळ एकेक मेंढी पट्ट्यात अडकवून वजन बघत होता आणि त्याची बायको वजनाप्रमाणे औषध मोजून देत होती. मी जवळ गेलो, हे काय चाललंय म्हणून विचारलं. त्यानं मला अगदी आपुलकीनं सगळं समजावून सांगितलं. अंदाजानं का द्यायचं नाही, औषध का बदलायचं, चिवट जंत म्हणजे काय. प्रतिभाच्या भाषणातलं एकही वाक्य त्यानं गाळलं नाही. शेवटी म्हणाला, "ही भिमाची रीत. आता समदे असंच करत्यात."

मी त्याला म्हणालो, ही भिमाची रीत नाही, त्याच्या भाचीची आहे. डॉक्टर प्रतिभा टेळे, कासुर्डीच्या. चार वर्षं त्यांनी यावर काम केलं. मी तिथंच होतो, मला माहीत आहे.

त्यानं मान हलवली. "आसंल की. पर आमाला भिमानं सांगितलं," तो म्हणाला आणि पुढची मेंढी धरायला गेला. मी तिचं नाव पुन्हा एकदा मोठ्यानं सांगितलं. त्यानं ऐकलं की नाही, कळलं नाही. मेंढ्या ओरडत होत्या आणि माझी एसटी आली होती.